काम कुठे बसून केलंत?

ता. ३ मार्च

प्रिय बेबी,

आशीर्वाद. तुझी भूक परत आली असेल आणि चालताना भिंतीला हात लावणं तू सोडलं असशील, असं धरून लिहिते. इकडे सगळं ठीक. वरच्या मजल्यावरच्यांनी पुन्हा भिंत फोडायला काढली आहे, त्यामुळे सकाळी दहानंतर घरात विचार म्हणून करता येत नाही. माझा चष्मा बदलला. गुडघा आहे तसाच आहे, त्याच्याबद्दल विचारू नकोस.

दुसऱ्या ऑपरेशनसाठी मी कधी येते, असं तू तीनदा विचारलं आहेस. त्याकडे वळतेच. आधी दुसरं.

त्यांना करातलं कळतं म्हणून मी तुझ्या यजमानांना फोनवर विचारलं होतं, तेव्हा आमच्या कंपनीत काय झालं ते तुला त्यांच्याकडून कळलं असेल. त्यांच्या पद्धतीनं कळलं असेल, म्हणून माझ्या पद्धतीनं सांगते. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून मी तुमच्या तिकडच्या एका प्रकाशन कंपनीसाठी पुस्तकांच्या सूची करते. पुस्तकाच्या शेवटी कोणता विषय कोणत्या पानावर ते छापलेलं असतं, आणि ते कोणीतरी बसून केलेलं असतं, हे निम्म्या जगाला ठाऊक नाही. इतकी वर्षं मी काम पाठवलं आणि त्यांनी पूर्ण पैसे पाठवले. यंदा त्यांच्याकडे नवे ऑडिटर आले. त्यांनी फर्मान काढलं, की परदेशात राहून काम करणाऱ्यांचे तीस टक्के आधी कापायचे, तिकडच्या सरकारात भरायचे, आणि उरलेले द्यायचे. कापायला नको असतील तर प्रत्येकानं लेखी निवेदन द्यायचं.

मी इथे पै न् पैवर कर भरते. तसं लिहिलं. हिशेबखात्यातल्या बाईचं उत्तर आलं, "आमच्या मौल्यवान सहकारी". एवढं वाचूनच माझं डोकं फिरलं. सोबत सात पानांचा फॉर्म. आपण व्यक्ती आहात की संस्था? आपण जहाजं भाड्यानं देता का? आपल्या मालकीच्या तेलविहिरी आहेत का? मी सगळीकडे "नाही, नाही, नाही" लिहीत गेले आणि पाचव्या पानावर अडले. तिथे विचारलं होतं, काम कुठे बसून केलंत?

ढापण्या आठवतो ना? माझ्या वर्गातला, जाड काचांचा. तो आता करसल्लागार आहे आणि काचा आणखी जाड झाल्या आहेत. त्याच्याकडे गेले. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. खुर्चीवरचा फायलींचा ढीग त्यानं जमिनीवर ठेवला तेव्हा मला बसता आलं.

"एवढी चिडतेस कशाला?" तो म्हणाला. "साधा प्रश्न आहे. काम करताना तुझी खुर्ची कोणत्या देशात होती?"

"खुर्ची?"

"खुर्ची. पैसे देणारा कुठे बसलाय ते सोड. तू कुठे बसलीस, ते विचारतायत. इथे बसलीस तर त्यांनी कापायचं कारण नाही, इथला कर तू इथे भर. तिथे बसून केलं असशील तर तेवढ्या कामावर कापणार."

"मी जन्मभर याच गावात बसले आहे."

"मग लिही तसं आणि सुट. चहा घेणार?"

चहा घेतला. अर्धा कप झाला आणि मला वाळवी आठवली.

तुलाही आठवत असेल. गेल्या वर्षी तुझ्या ऑपरेशनसाठी मी आले होते, ते अकरा आठवडे. दुपारी तू झोपलीस की तुझ्या शिवणाच्या टेबलावर मी वाळवीवरच्या पुस्तकाची सूची करत असे. सहाशे पानं. तू जागी झालीस की मी तुला एकेक नोंद वाचून दाखवायचे. "राणी: 'स्थूलता' पाहा. राजा: 'निरुपयोगीपणा' पाहा.". आणि तू पोटाला उशी दाबून म्हणायचीस, "ताई, बास, टाके तुटतील." ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तुझ्या घरी झालं.

"ढापण्या," मी म्हणाले, "अकरा आठवडे खुर्ची तिथे होती."

त्यानं चष्मा काढून पुसला. "कोणाला माहीत आहे?"

"मला."

"ते सोड गं. पाहुणी म्हणून गेली होतीस ना? पाहुण्यांनी तिथे कमाईचं काम करायचं नसतं. खरं लिहिलंस तर कर कापतील तो कापतीलच, वर पुढच्या वेळी जायची परवानगी मागशील तेव्हा उलटतपासणी होईल. कदाचित देणारच नाहीत."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर काय, तुझी सही खोटी. बाकी काही नाही."

बाकी काही नाही म्हणे! चाळीस वर्षांपूर्वी परीक्षेत माझ्या पेपरात डोकावायचा, तोच हा माणूस.

घरी आले तर दारात तुझ्या यजमानांचं पाकीट. आत दोन कागद. दोन्हींवर छोटे पिवळे बाण चिकटवलेले, सही कुठे करायची ते दाखवणारे. मी अंगठेबहाद्दर आहे असा त्यांचा समज असावा.

पहिला कागद म्हणजे कंपनीचं तेच निवेदन, माझ्या वतीनं त्यांनीच भरलेलं. "कंपनीच्या देशात बसून मी कधीही कोणतंही काम केलेलं नाही."

दुसरा कागद म्हणजे पावती. "रुग्णाच्या देखभालीसाठी घरी राहून अकरा आठवडे पूर्णवेळ काम केल्याचा मेहनताना रोख मिळाला." पुढे आकडा. तो आकडा माझ्या डोळ्यांना प्रथमच दिसत होता.

आणि चिठ्ठी. "ताई, पहिल्या सहीनं तुमचे तीस टक्के वाचतील. दुसऱ्या सहीनं आमचं काम होईल. इथलं करखातं आजारपणाच्या खर्चाच्या पावत्या मागतंय. दोन्ही कागद मिळाले की तुमचं निमंत्रणपत्र लगेच पाठवतो."

एकाच पाकिटात, बेबी! एका कागदावर मी तुमच्या देशात काडी हलवलेली नाही, दुसऱ्यावर मी तिथे राबून पगार उचललेला आहे. माणसानं लबाडी करावी, पण निदान दोन पाकिटांचा खर्च करावा. मी ते कागद टेबलावर ठेवले आणि आधी हात धुऊन आले. खोटं सांगत नाही, साबण लावून धुतले.

हे तुला ठाऊक आहे का, एवढंच मला कळव. नसेल तर दोन्हींच्या प्रती सोबत ठेवते आहे, वाच. ऑपरेशनची तारीख पक्की झाली की तीही कळव. गोळ्या जेवणानंतरच घे. जिना उतरताना कठडा धर.

ताई


ता. १९ मार्च

नमस्कार.

प्रकृती विचारत नाही. काल फोनवर आवाज चांगला खणखणीत होता.

फोनवर मी फारसं बोलले नाही, कारण तुम्ही थांबत नव्हता. म्हणून लिहिते.

तुम्ही म्हणालात, "ताई, सगळेच करतात हो." करत असतील. मी सगळ्यांच्या घरी राहायला गेले नव्हते.

तुम्ही म्हणालात, "घरातल्या घरात काय खरं आणि काय खोटं!" हा कागद घरात राहणार नाही. तो तुमच्या सरकारकडे जाणार आहे, आणि त्यावर तुमच्या घरातलं कोणी नाही, मी सही करायची आहे.

मग तुम्ही म्हणालात, "तुमचं राहणं-जेवणं आम्हीच केलं ना? त्याची किंमत धरली तर मेहनताना झालाच की." हे ऐकून मी फोन ठेवला. तुम्हाला वाटलं लाइन तुटली. लाइन तुटली नव्हती.

किंमत धरायचीच असेल तर धरू या. तुमच्या बायकोच्या पोटातून जी नळी बाहेर काढलेली होती, तिची पिशवी रोज सकाळ-संध्याकाळ कोण रिकामी करत होतं? तुम्ही दारापर्यंत यायचात आणि "मला चक्कर येते" म्हणून परत जायचात. त्याबद्दल मी तेव्हा काही बोलले नाही, आताही बोलत नाही. काही माणसांना रक्त बघवत नाही. पावती लिहिताना मात्र तुम्हाला चक्कर आलेली दिसत नाही, अक्षर अगदी सुबक आहे.

आता तुमच्या धंद्याविषयी. तुम्ही पैसे घेऊन लोकांना कर वाचवायचे सल्ले देता. त्या लोकांची मला काळजी वाटते. वाळवीच्या पुस्तकाच्या छापील पानांचा गठ्ठा कंपनीनं कुठे पाठवला होता, आठवतं? तुमच्या घरी. मी तेव्हा बेबीला अंघोळ घालत होते, म्हणून दार तुम्ही उघडलंत आणि गठ्ठा सही करून तुम्ही घेतलात. कुरकुरत घेतलात. "हे काय, विटा मागवल्यात का?" असं विचारलंत. ज्या कंपनीला मी लिहायचं की मी तुमच्याकडे बसून कधी काम केलं नाही, तिच्याच कपाटात तुमची सही आहे.

त्याला घाबरून मी नाही म्हणते आहे, असा गैरसमज नको. तो गठ्ठा कुत्र्यानं पळवला असता तरी मी नाहीच म्हटलं असतं.

राहिलं निमंत्रणपत्र. आजारी बायकोची बहीण तिच्याजवळ यावी की नाही, हे तुम्ही माझ्या दोन सह्यांना बांधून ठेवलं आहे. या वागण्याला जो शब्द आहे तो मला येतो. ग्रंथालयात पस्तीस वर्षं काढली, शब्दांना तोटा नाही. पण बेबी हे पत्र वाचेल, म्हणून लिहीत नाही.

दोन्ही कागद सही न करता परत पाठवते आहे. बाण तसेच आहेत. दुसऱ्या कोणासाठी उपयोगी पडतील.

यापुढे फोनवर मला ताई म्हणू नये.

कळावे.


ता. ४ एप्रिल

प्रिय बेबी,

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. "ताई, दोन सह्यांचं काय एवढं मोठं! मला तू हवी आहेस, प्लीज कर." खाली ऑपरेशनची तारीख.

म्हणजे तुला ठाऊक होतं.

ओळी वाचल्या आणि मी कपडे वाळत घालायला गेले. भिजवलेले नव्हतेच. रिकामी बादली घेऊन गच्चीवर जाऊन आले.

बातमी आधी सांगते. मी निवेदन भरून पाठवलं. काम कुठे बसून केलंत याच्यापुढे खरं ते लिहिलं. वाळवीचं पुस्तक सगळं तिथे. त्यानंतर हाती घेतलेल्या बंदरांच्या इतिहासाची पहिली सहा प्रकरणं तिथे, उरलेली इथे. बाकी सगळी पुस्तकं इथे. हिशेबखात्यातल्या बाईनं पुन्हा मौल्यवान म्हणून आभार मानले आणि तिथल्या कामापुरते तीस टक्के कापले. ते मला मान्य आहे. कंपनीनं मला नवं पुस्तकही पाठवलं आहे, पुलांवरचं, कंटाळवाणं आहे.

ढापण्याला दाखवलं तर तो कपाळ बडवून म्हणाला, "तुला परवानगी मिळायची आता निम्मी आशा धर. निम्मीसुद्धा नको धरू." मग म्हणाला, "तत्त्वासाठी बहिणीला भेटणं घालवतेस? कमाल आहे तुझी!" मी म्हटलं, "माझी तत्त्वं तुला परीक्षेच्या हॉलपासून माहीत आहेत." तो हसला. मी हसले नाही, कारण मी त्याच्याशी पूर्ण खरं बोलत नव्हते.

तुझ्या नवऱ्याच्या लबाडीची मला किळस आली, हे खरं. पण नुसती लबाडी असती तर मी चार शिव्या घालून विसरले असते. लबाड माणसं मी कामाच्या जागी पुष्कळ पाहिली. सभ्य कपड्यातली, पुस्तकातली पानं ब्लेडनं कापून नेणारी. त्यांना पकडलं की माझी भूक वाढायची. या पावतीनं मात्र माझ्या घशाखाली घास उतरेना, कारण त्यावर जे लिहिलं होतं ते मी आधी एकदा ऐकलं होतं. तुझ्या तोंडून.

तुमचे समोरचे शेजारी फुलं घेऊन आले, ती संध्याकाळ. तू पहिल्यांदाच बाहेरच्या खोलीत बसली होतीस. मी तुझे केस धुऊन विंचरले होते, निळा गाऊन घातला होता, आणि तू आरशात बघून म्हणालीस, "बरी दिसते की मी अजून." मी चहाचा ट्रे घेऊन आले. अंगात एप्रन, हाताला औषधाचा वास. त्या बाईनं माझ्याकडे बघून तुला विचारलं, "या कोण?"

तू म्हणालीस, "मदतीला आहेत."

तिकडच्या भाषेत म्हणालीस. ती भाषा मला येते हे तू विसरली असशील, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण त्याच भाषेतल्या सहाशे पानांची सूची मी आतल्या टेबलावर करत होते आणि तुला वाचून दाखवत होते, तेव्हा ते काही जमेना.

तुझा नवरा हसून म्हणाला, "हल्ली इतकी चांगली माणसं मिळत नाहीत." जाताना त्या बाईनं दारात माझ्या हातात एक नोट कोंबली. मी घेतली. "थँक्यू" म्हणाले. तू बघत होतीस. मग तू पाठीमागची उशी नीट करायला लागलीस.

मी तुझ्या बाजूनं पुष्कळ विचार केला आहे, बेबी. तुला दुखत होतं. गोळ्यांची गुंगी होती. माझा एप्रन मळका होता आणि त्या बाईचे मोती खरे होते. तुम्ही त्या गल्लीत नवे, आणि तुझ्या नवऱ्यानं आधीच काहीतरी सांगून ठेवलं असेल, तू फक्त तेच पुढे चालवलंस. असं सगळं. नोट मी तुझ्या गोळ्यांच्या डब्याखाली ठेवली. चार दिवसांनी "कंपनीचं तातडीचं काम आलं" असं सांगून निघाले. काम काहीही आलं नव्हतं. दोन आठवडे आणखी राहायचं ठरलं होतं, तरी तू "का गं?" असं एकदाही विचारलं नाहीस. नोट तुला सापडली असणारच. तिचंही तू कधी बोलली नाहीस.

तेही मी गिळलं होतं. आपण दोघी फोनवर सूप आणि टाक्यांबद्दल बोलत राहिलो, बरं चाललं होतं. पावती आली आणि सगळं परत वर आलं. तेव्हा निदान तोंडचा शब्द होता, पाहुणे गेले की विरला. आता त्यावर मी सही करावी आणि ते कायमचं व्हावं, असं तुम्ही दोघं मला सांगता. आणि तू वर "प्लीज" म्हणतेस.

फॉर्मच्या सहाव्या पानावर एक ओळ होती, "त्या काळातील मुक्कामाचं कारण". मी लिहिलं, "धाकट्या बहिणीची शुश्रूषा. त्याचा मोबदला घेतला नाही." हे निवेदन तुमच्या करखात्याकडे जातं, असं ढापण्या म्हणतो. तुझ्या नवऱ्यानं दुसऱ्या कोणाच्या सहीनं पावती पुढे केली तर ती याच्याशी जुळणार नाही. त्याला हे आजच सांग. त्याला अडकवायची मला हौस नाही. मला फक्त माझे ते आठवडे जसे गेले तसे राहायला हवे आहेत. वाईट गेले नव्हते ते. तुला हसवलं ते मला अजून आठवतं, आणि माझ्या उभ्या आयुष्यात मी कोणाला फारसं हसवलेलं नाही.

आता तू तीनदा विचारलंस ते. मला यायचं आहे. बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली आहे. गुडघ्याचा पट्टाही घेतला.

निमंत्रणपत्र तुझ्या नवऱ्याकडून नको. ते तू लिही. ऑपरेशनच्या आधी, तुझ्या हातानं. येणारी व्यक्ती आपली कोण, असं त्यात विचारतात. तिथे काय ते लिही, आणि गेल्या वर्षी ती कशासाठी आली होती तेही लिही. परवानगी देणारा कारकून ते वाचेल, माझा अर्ज वाचेल, आणि कदाचित नाही म्हणेल. नाही म्हणाला तर पुन्हा अर्ज करीन. पुन्हा नाही म्हणाला तर तिसऱ्यांदा करीन. माझ्याकडे वेळ आहे आणि कारकुनांशी भांडायची सवय आहे.

पण तुझं पत्र आलं नाही, तर मी अर्ज करणार नाही. तुझं ऑपरेशन असलं तरी नाही. हे एवढं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले, तेव्हा ते रागाच्या भरात लिहिलेलं आहे असं समजू नकोस.

फोन करू नकोस, बेबी. फोनवर तू रडशील आणि मी हो म्हणेन.

तुझी बहीण